पाव मैलाची धांव

खोपट येथें राहणाऱ्या आमच्या एका जुन्या वर्गणीदारांनीं पत्र लिहून आम्हांस एक प्रश्न विचारला आहे. त्यांच्या एकत्र कुटुंबांतील पुतण्या अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षास आहे. त्यानें दोघां मित्रांच्या भागींत एक जुना पिकअप ट्रक विकत घेतला असून, पाव मैलाच्या सरळ शर्यतींत ती गाडी अधिक चपळ व्हावी म्हणून तींत फेरफार करण्याचा त्याचा बेत आहे. त्यासाठीं त्यानें वडीलमंडळींकडे सत्तर हजार रुपये मागितले आहेत. घरांत दोन पक्ष पडले आहेत. आजोबांच्या मतें हा निव्वळ उधळेपणा आहे; काकूंच्या मतें मुलगा घरांत बसून मोबाईल चाळण्यापेक्षां हात काळे करतो आहे तें बरें. ‘हा खेळ आहे, विद्या आहे, कीं व्यसन आहे, तें कळेनासें झालें आहे, आपण कांहीं सांगावें,’ असें पत्रलेखकांनीं अखेरीस लिहिलें आहे.

अशा प्रश्नावर उपदेशाचीं चार वाक्यें लिहून मोकळें होणें सोपें आहे. परंतु ज्या गोष्टीविषयीं होकार किंवा नकार द्यावयाचा, ती मुळांत आहे तरी काय, हें वडीलमंडळींस कळल्यावांचून त्यांच्या होकारास किंमत नाहीं आणि नकारास वजन नाहीं. म्हणून या महिन्याचें सदर आम्ही याच विषयास देत आहों. यांतील गणित शाळेंतल्या मुलांसही समजण्याजोगें आहे, आणि घरांतील मुलांनीं तें वडिलांबरोबर बसून करून पाहिलें तर आम्हांस आनंदच वाटेल.

या शर्यतीस इंग्रजींत ड्रॅग रेस म्हणतात. सरळ सपाट पट्टीवर दोन गाड्या शेजारीं शेजारीं उभ्या करावयाच्या, हिरवा दिवा लागतांच निघावयाचें, आणि १३२० फुटांवर, म्हणजे पाव मैलावर किंवा सुमारें ४०२ मीटरांवर, जी आधीं पोंचेल ती जिंकली. कित्येक ठिकाणीं याच्या निम्मीच, म्हणजे ६६० फुटांची पट्टी असते. वळण नाहीं, चढउतार नाहीं, आणि दुसरी फेरीही नाहीं. अमेरिकेंत दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास तरुण मंडळी जुन्या गाड्या सुधारून सार्वजनिक रस्त्यांवर पळवूं लागली होती. त्यांना रस्त्यावरून उठवून नियमांच्या चौकटींत आणावें या हेतूनें वॉली पार्क्स यांनीं १९५१ सालीं ‘नॅशनल हॉट रॉड असोसिएशन’ ही संस्था काढली. हा खेळ रस्त्यावरचा दंगा थांबविण्यासाठींच संघटित झाला, ही गोष्ट वाचकांनीं ध्यानांत ठेवावी. पुढें ती आपल्या उपयोगीं पडणार आहे.

आपल्या बाजूस लोणावळ्यापलीकडील अँबी व्हॅलीच्या विमानपट्टीवर ‘व्हॅली रन’ या नांवानें अशा शर्यती झाल्या आहेत. मालवाहू ट्रकांच्या शर्यतीही आपल्या देशांत झाल्या. टाटांच्या प्राइमा ट्रकांची शर्यत २०१४ सालीं ग्रेटर नोएडा येथील बुद्ध सर्किटवर प्रथम भरली, आणि २०१६ पासून तींत भारतीय चालकही उतरले. मात्र ती वळणावळणाच्या मार्गावरची फेऱ्यांची शर्यत. पाव मैलाच्या सरळ धांवेचें शास्त्र निराळें आहे.

तथापि ही कल्पना मराठी माणसास अगदींच परकी आहे असें नाहीं. विदर्भांतील शंकरपट म्हणजे तरी काय? सरळ पट्टी, हलका छकडा, त्यावर एक धुरकरी, निवडक बैलांची जोडी, आणि हातांत घड्याळ घेऊन सेकंदाचे भाग मोजणारे पंच. घाटावरच्या बैलगाडा शर्यतीही त्याच जातीच्या. सर्वोच्च न्यायालयानें ७ मे २०१४ रोजीं या शर्यती बंद केल्या, १६ डिसेंबर २०२१ रोजीं अटींवर त्यांस वाट मोकळी करून दिली, आणि १८ मे २०२३ रोजीं घटनापीठानें राज्याचा कायदा ग्राह्य ठरविला. या सर्व वादांत जनावरांच्या वेदनेचा प्रश्न मुख्य होता. मोटारींत तो नाहीं. पण पटावरच्या जाणत्या मंडळींस जें ठाऊक असतें तें मोटारवाल्या पोरांस पुष्कळदां ठाऊक नसतें. छकडा हलका हवा, खूर जमिनींत नीट रुतले पाहिजेत, आणि पहिल्या झेपेंत जोडी फसली तर पुढें कितीही पळाली तरी पट हातचा गेला, या तीन गोष्टी कोणत्याही गाडीवानास सांगाव्या लागत नाहींत. पिकअप ट्रकाचें शास्त्र याहून फारसें निराळें नाहीं.

प्रथम प्रारंभाचा विचार करूं. इंजिन कितीही बलवान असलें तरी गाडीस पुढें ढकलते ती जमीन. टायर जमिनीस जेवढें मागें रेटूं शकेल तेवढीच गाडी पुढें जाईल. ही पकड दोन गोष्टींवर अवलंबून असते: टायर व जमीन यांमधील घर्षण, आणि ज्या चाकांस इंजिनाचा जोर मिळतो त्या चाकांवरील भार. पिकअप ट्रकाचा हौदा भरलेला असतांना मागच्या चाकांवर भरपूर भार असतो. हौदा रिकामा झाला कीं इंजिन, चालक आणि केबिन यांचें वजन पुढें राहतें, आणि जोर लावणारीं मागचीं चाकें हलकीं पडतात. म्हणूनच रिकामा पिकअप पावसाळ्यांत थोडासा ॲक्सिलरेटर दाबला तरी जागच्या जागीं चाकें फिरवितो.

ठाण्याच्या माणसास याचें उदाहरण दूर शोधावयास नको. १६ एप्रिल १८५३ रोजीं बोरीबंदराहून निघालेली आगगाडी ठाण्यास आली, तेव्हांपासून हा प्रश्न आपल्या दारांत उभा आहे. गुळगुळीत रुळावर इंजिनाचीं चाकें घसरूं लागलीं कीं ड्रायव्हर रुळावर वाळू सोडतो. त्यानें इंजिनाची शक्ति तिळभरही वाढत नाहीं, पण गाडी निघते. आपल्या उपनगरी लोकलची युक्ति तर त्याहून चांगली आहे. ठाणें आणि मुलुंड यांच्यामधील अंतर थोडें. एवढ्यांत वेग घ्यावयाचा आणि पुन्हा थांबावयाचें. अशा ठिकाणीं पुढें एकच जड इंजिन जोडलें तर सगळा रेटा त्याच्याच चाकांवर पडेल. म्हणून बारा डब्यांच्या लोकलमध्यें चार डबे मोटारींचे असतात आणि डब्याचें व उतारूंचें वजन पकडीच्या कामीं लागतें. थोड्या अंतराच्या धांवेचें रहस्य आपण रोज आठ-सव्वीसच्या गर्दींत उभे राहून अनुभवतों.

आतां आंकडे घेऊं. समजा, १५०० किलोंचा रिकामा पिकअप आहे आणि त्याचें ४० टक्के वजन मागच्या चाकांवर आहे. कोरड्या पट्टीवर टायरची पकड भाराच्या ०.८ पट धरूं. गाडी झेप घेते तेव्हां तिचें नाक उचलतें आणि थोडा भार मागें सरकतो. गुरुत्वमध्य जमिनीपासून २ फूट आणि दोन आंसांमधील अंतर १० फूट असेल तर हा लाभही हिशेबांत धरतां येतो. इंजिनांत हवा तेवढा जोर आहे असें मानलें तरीही ही गाडी पहिले ६० फूट सुमारें ३.१ सेकंदांच्या आंत तोडूं शकत नाहीं, कारण टायर त्याहून अधिक जोर जमिनीस देऊंच शकत नाहींत. आतां एकूण वजन तेवढेंच ठेवून १५० किलोंचा भार पुढच्या चाकांवरून मागच्या चाकांवर आणला, म्हणजे दोहोंकडे निम्मानिम्म वजन झालें, तर तेच ६० फूट २.८ सेकंदांत जातात. इंजिनास हात न लावतां तीन-दशांश सेकंद मिळाले. आणि या खेळांत एक-दशांश सेकंदानेंही निकाल फिरतो. शिवाय पहिल्या साठ फुटांत मिळविलेला वेग पुढच्या १२६० फुटांतही गाडीच्या पदरांत राहतो, म्हणून तेथें वांचविलेल्या वेळाचें शेवटीं कांहींसें व्याज मिळतें.

दुसरा आंकडा याहून बोलका आहे. याच गाडींत १०० अश्वशक्तींचें इंजिन असेल, तर सुमारें ताशीं पंचेचाळीस-पन्नास किलोमीटर वेग येईपर्यंत तिच्यावर राज्य टायरांचें असतें. त्यानंतर तें इंजिनाचें होतें. म्हणजे त्या वेगाच्या खालीं इंजिनाची शक्ति दुप्पट केली तरी तिचा उपयोग रबर जाळण्यापलीकडे होत नाहीं. सत्तर हजारांपैकीं साठ हजार प्रथम इंजिनावर घालणारा मुलगा हा हिशेब करीत नाहीं, एवढेंच आमचें म्हणणें आहे.

तेव्हां पकड वाढविण्याचे मार्ग पाहूं. पहिला मार्ग टायरांचा. मऊ रबराचे टायर जमिनीस अधिक चिकटतात. हवेचा दाब बनविणाऱ्यानें सांगितलेल्या मर्यादेच्या आंत थोडा उतरविल्यास जमिनीशीं स्पर्श वाढतो. शर्यतीपूर्वीं चाकें क्षणभर फिरवून टायर गरम व स्वच्छ करितात, तें प्रेक्षकांस धूर दाखविण्यासाठीं नसतें. दुसरा मार्ग भार सरकविण्याचा: बॅटरी बॉनेटखालून काढून हौद्यांत मागच्या आंसाच्या पाठीमागें पक्की बसवितात. तिसरा मार्ग मागच्या पाट्यांचा. जोर पडतांच आंस स्वतःभोंवतीं पिळतो, पाटे वांकतात, सुटतात, पुन्हा वांकतात, आणि चाकें जमिनीवर टणाटण उड्या मारूं लागतात. उडी मारणाऱ्या चाकास पकड कोठली? यासाठीं पाट्यांस व आंसास धरून ठेवणारे लोखंडी दांडे लावितात. काम वेल्डिंगचें आहे, पण तें ऐऱ्यागैऱ्याच्या हातचें नव्हे. चौथी गोष्ट डिफरन्शियलची. सर्वसाधारण गाडींत एक चाक घसरूं लागलें कीं दुसऱ्याचाही रेटा त्याच्याइतकाच कमी होतो. चिखलांत एक चाक गरगर फिरत असून दुसरें जागचें हलत नाहीं हें कोंकणांत जाणाऱ्या प्रत्येकानें पाहिलें आहे. दोन्ही चाकांस एकमेकांशीं बांधून ठेवणारें डिफरन्शियल मिळाल्यास सरळ पट्टीवर त्याचा लाभ मोठा होतो.

यानंतर वजनाचा विचार. येथें एक सुंदर नियम आहे. इंजिन सर्व वेळ आपली पूर्ण शक्ति देत आहे असें धरल्यास, ठराविक अंतर तोडण्यास लागणारा वेळ हा दर अश्वशक्तीमागें पडणाऱ्या वजनाच्या घनमूळाच्या प्रमाणांत असतो. शाळकरी भाषेंत सांगावयाचें तर, वेळ निम्मा करावयाचा असेल तर शक्ति दुप्पट किंवा चौपट करून भागत नाहीं. ती आठपट करावी लागते. १०० अश्वशक्तींच्या गाडीस ८०० अश्वशक्ति! शक्तीचा बाजार किती महाग आहे तें यावरून दिसेल.

पण हाच नियम वजनाच्या बाजूनें वाचावा. १५०० किलो आणि १०० अश्वशक्ति असलेल्या गाडीस पाव मैलास आदर्श हिशेबानें सुमारें १५.४ सेकंद लागतात. प्रत्यक्षांत वेळ याहून अधिक लागतो, कारण वाऱ्याचा अडथळा, गिअर बदलण्यांत जाणारा वेळ आणि चाकांची घसरण या हिशेबांत नाहींत. वजन एक-दशांशानें, म्हणजे १५० किलोंनीं कमी केलें तर वेळ सुमारें १४.९ सेकंदांवर येतो. तेवढाच लाभ इंजिनाकडून घ्यावयाचा झाल्यास अकरा अश्वशक्ति वाढवाव्या लागतील. कॅरिअर, जादा दिवे, ध्वनिवर्धकांच्या पेट्या, शोभेचे जाड बंपर, शेजारची बैठक आणि अर्धी भरलेली अवजारांची पेटी काढण्यास पान्याखेरीज खर्च येत नाहीं.

मात्र येथेंही विवेक हवा. हौद्याचा फाळका आणि स्टेपनी काढली कीं वजन घटतें हें खरें. पण तें मागच्या चाकांवरचें वजन असतें, आणि त्याबरोबर पकडही घटते. म्हणून काटछांट आधीं पुढच्या भागांत करावी, आणि मागचें वजन काढण्यापूर्वीं साठ फुटांचा वेळ तपासावा. तसेंच सर्व किलो सारखे नसतात. चाकाच्या कडेवर असलेला एक किलो पुढेंही ढकलावा लागतो आणि फिरवावाही लागतो, म्हणून तो जवळजवळ दोन किलोंचा भार होतो. दिसावयास ऐटदार अशीं रुंद, जड चाकें लावून गाडी जलद होते हा समज यामुळें बहुधा खोटा ठरतो.

गिअरांविषयीं थोडक्यांत सांगतों. खोपटाच्या आगारांतून उतारूंनीं भरलेली एस. टी. बाहेर पडते तेव्हां ती पहिल्या गिअरमध्यें सावकाश पण जोरानें निघते. त्याच गिअरमध्यें ती नाशकापर्यंत जाऊं शकणार नाहीं. प्रत्येक गाडींत जोर आणि वेग यांचा असा सौदा कारखान्यांतच ठरलेला असतो. पिकअप मालासाठीं केलेला असल्यानें त्याचे खालचे गिअर आधींच जोराचे असतात. पकड सुधारल्याशिवाय क्राऊन-पिनियन बदलून आणखी जोर मागणें म्हणजे घसरत्या चाकास आणखी घसरावयास लावणें होय. योग्य कसोटी अशी कीं शेवटच्या रेषेवर गाडी पोंचतांना इंजिन आपल्या कमाल शक्तीच्या आसपास फिरत असावें, आणि रेषेच्या अलीकडे चार पावलांवर विनाकारण गिअर बदलण्याची पाळी येऊं नये.

सर्वांत शेवटीं इंजिन. आम्ही तें मुद्दाम शेवटीं घेतलें आहे. इंजिनास शक्ति मिळते ती इंधन आणि हवा यांच्या योग्य मेळानें. डिझेल गाडींत पंपाचा स्क्रू पिळून इंधन वाढविलें आणि हवा तेवढीच राहिली तर मागून काळा धूर येतो. तो धूर म्हणजे न जळलेलें इंधन, आणि पर्यायानें वडिलांचा पैसा. थंड हवा दाट असते, म्हणून तिच्यांत प्राणवायु अधिक असतो. मे महिन्यांतील दुपारीं आणि जानेवारींतील पहांटे एकाच गाडीचा वेळ निराळा येतो तो यामुळें. टर्बो असलेल्या गाडींत दाबलेली हवा गरम होते, ती थंड करणारा इंटरकूलर स्वच्छ असला तरी कांहीं शक्ति फुकट परत मिळते. स्वच्छ एअर फिल्टर, तपासलेले नोझल, न घसरणारा क्लच, न घासणारे ब्रेक आणि ताजें तेल एवढ्यानें जुन्या गाडीची हरवलेली शक्ति पुष्कळ अंशीं परत येते. आधीं जें होतें तें परत मिळवावें, मग जें नव्हतें त्याच्या मागें लागावें.

हें सर्व कोणत्या क्रमानें करावें हें ठरविण्यासाठीं एक वही हवी. शर्यतीच्या पट्टीवर स्पर्धकास जी चिठ्ठी मिळते तींत ६० फुटांचा वेळ, ६६० फुटांचा वेळ, पूर्ण वेळ आणि शेवटच्या रेषेवरील वेग असे आंकडे असतात. ही चिठ्ठी वाचतां येणें हीच या विद्येची मुळाक्षरें. शेवटचा वेग चांगला पण साठ फुटांचा वेळ वाईट असेल तर इंजिन निरोगी असून दोष पकडींत आहे. साठ फूट चांगले पण शेवटचा वेग मंद असेल तर दोष शक्तींत किंवा गिअरांत आहे. प्रत्येक खेपेस एकच बदल करावा, त्या दिवशींचें तापमान व टायरांतील दाब लिहावा, आणि निदान तीन धांवांची सरासरी घ्यावी. एकाच रविवारीं पांच बदल करून गाडी जलद झाली तर कशानें झाली तें कळत नाहीं, आणि मंद झाली तरीही कळत नाहीं.

या खेळांत एक प्रकार असा आहे कीं स्पर्धकानें आपला वेळ आधींच जाहीर करावयाचा. मंद गाडीस तेवढ्या अंतराची सवलत मिळून ती आधीं सुटते, आणि जाहीर केलेल्या वेळाहून जो जलद पळेल तो बाद होतो. तेथें जिंकतो तो सर्वांत वेगवान मनुष्य नव्हे; आपली गाडी नेमकी ओळखणारा जिंकतो. मर्यादित पैशांत खेळणाऱ्या विद्यार्थ्यास हाच प्रकार शोभणारा आहे.

आतां विषयाच्या गंभीर भागाकडे येऊं. धांव जशी मोजावी तसें थांबणेंही मोजावें. ताशीं ६० किलोमीटर वेगाची गाडी चांगल्या ब्रेकांनीं कोरड्या रस्त्यावर सुमारें २० मीटरांत थांबते; ताशीं १२० किलोमीटरांस तेंच अंतर सुमारें ८० मीटर होतें, कारण वेग दुप्पट झाला कीं थांबण्याचें अंतर चौपट होतें. शिवाय मनुष्याचा पाय ब्रेकवर पोंचण्यास एक सेकंद धरला तर तेवढ्यांत आणखी ३३ मीटर निघून जातात. रिकाम्या पिकअपचीं मागचीं चाकें ब्रेक लावतांच हलकीं होऊन आधीं जाम होतात, आणि मग गाडीची शेपटी पुढें येऊं पाहते. २००८ सालीं स्कॉट कलिट्टा हा अमेरिकेंतील नामांकित चालक न्यू जर्सी राज्यांतील पट्टीवर मरण पावला. त्याच्या इंजिनाचा स्फोट झाला आणि गाडी पट्टीच्या अखेरीस थांबूं शकली नाहीं. त्यानंतर तेथील सर्वांत बलवान वर्गांच्या गाड्यांसाठीं धांवेचें अंतर १३२० फुटांवरून १००० फुटांवर आणण्यांत आलें. पन्नासांहून अधिक वर्षें अनुभव घेतलेल्या संस्थेस जें करावें लागलें त्याचा अर्थ खोपटाच्या तरुणानें समजून घ्यावा.

शर्यतीसाठीं हलकी केलेली गाडी रस्त्यासाठीं बिघडविलेली असते. तिच्या टायरांस पावसांत पकड नसते, पाट्यांस माल वाहण्याचें बळ राहत नाहीं, बांधलेलें डिफरन्शियल ओल्या वळणावर दगा देतें. अशी गाडी जुन्या आग्रा रोडवर, घोडबंदर रस्त्यावर, किंवा पूर्व द्रुतगती महामार्गावर रात्रीं दोन वाजतां ‘जरा बघूं’ म्हणून काढणें हा खेळ नव्हे. तेथें पट्टीच्या अखेरीस मोकळी जागा नसते. दूध घेऊन निघालेला सायकलवाला असतो, रात्रपाळीहून परतणारी परिचारिका असते. मोटार वाहन कायदा, १९८८ यांतील कलम १८९ प्रमाणें सार्वजनिक रस्त्यावर शर्यत लावणें हा गुन्हा आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या गुन्ह्यास तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा पांच हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊं शकतात. कलम ५२ प्रमाणें नोंदणीपत्रांतील तपशील कारखान्याच्या मूळ रचनेशीं जुळणार नाहींत असे फेरफार रस्त्यावरच्या गाडींत करतां येत नाहींत. अपघात झाल्यास विमा कंपनी प्रथम हेंच कलम उघडते, आणि मग भार एकट्या मुलावर पडत नाहीं. तो साऱ्या घरावर पडतो.

म्हणून आमचें मत आम्ही आतां उघडपणें सांगतों. हा खेळ व्यसन नाहीं. नीट केला तर ती उत्तम विद्या आहे. घनमूळ, घर्षण, गुरुत्वमध्य हे शब्द ज्यानें परीक्षेपुरते पाठ केले, त्यास ते हातानें अनुभवावयास मिळत असतील तर वडिलांनीं आड येऊं नये. पैसे द्यावे, पण हप्त्यानें द्यावे. पहिला हप्ता ब्रेक, टायर, शिरस्त्राण आणि पक्क्या पट्ट्यांसाठीं असावा. दुसरा हप्ता वहींतील आंकडे पाहून, आणि तो खर्च कशासाठीं हें मुलानें घरांतील सर्वांसमोर समजावून दिल्यावर द्यावा. आजोबांस पटेल असें ज्यास सांगतां येत नाहीं, त्यास तें स्वतःलाही पुरतें समजलेलें नसतें. इंजिनाचा हप्ता शेवटचा.

आणि अट एकच, पण ती मोडतां न येणारी. गाडींत पहिला फेरफार झाला त्या दिवसापासून ती स्वतःच्या चाकांवर रस्त्यावर येणार नाहीं. दुसऱ्या वाहनावर चढवून बंदिस्त पट्टीवर जाईल, जेथें पंच, रुग्णवाहिका आणि थांबण्यास मोकळी जागा आहे, आणि तशीच परत येईल. अशा स्पर्धा देशांतील मोटारक्रीडेची अधिकृत संस्था एफ. एम. एस. सी. आय. हिच्या नियमांखालीं होतात कीं नाहीं तें प्रवेशशुल्क भरण्यापूर्वीं विचारून घ्यावें. ही अट जो मुलगा हंसतमुखानें मान्य करील त्यास सत्तर हजार रुपये देण्यांत घराचें नुकसान नाहीं. जो ती मान्य करतांना कां-कूं करील, त्याच्या हातीं सध्यां आहे त्याहून जलद गाडी देऊं नये.